छतातील दिव्याचा जमाखर्च

वीजजोडणी करणारे, नळदुरुस्ती करणारे, वातानुकूलन यंत्रे बसविणारे असे जे कारागीर आपली सारी हत्यारे एका बंदिस्त व्हॅनमध्ये भरून गावभर हिंडतात, त्यांच्या धंद्याची भिस्त वरवर पाहता इंजिनावर आणि चाकांवर असते; परंतु सोमवारी सकाळी किल्ली फिरविल्यावर सेल्फ नुसता टकटक करून गप्प बसला, म्हणजे मालाच्या कप्प्यातील एका क्षुल्लक दिव्याकडे प्रथमच कोणाचे तरी लक्ष जाते. शनिवारी सायंकाळी सामान उतरविताना तो लागला होता आणि छत्तीस तास बिनदिक्कत जळत राहिला होता.

एवढासा दिवा एवढी मोठी बॅटरी उतरवितो कसा, याचा उलगडा जमाखर्च मांडल्यावाचून होत नाही. सेल्फची मोटर इंजिन फिरविताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढते, आणि हा आकडा ऐकून बॅटरीचा खरा वैरी तीच असावी अशी समजूत होते. पण ही उधळपट्टी दोन-तीन सेकंदच चालत असल्यामुळे, प्रवाहाला काळाने गुणून हिशेब केला, तर एका वेळच्या सुरुवातीचा खर्च अँपिअर-तासाच्या अष्टमांशाहून अधिक भरत नाही. उलट १० वॉटचा तारेचा दिवा १२ व्होल्टवर केवळ ०.८३ अँपिअर घेतो, परंतु तो रात्रभर घेत राहतो, आणि बारा तासांत १० अँपिअर-तास, म्हणजे ऐंशी वेळा गाडी सुरू करण्याइतकी शिल्लक, वसूल करून मोकळा होतो. लहान पेट्रोल व्हॅनला साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. या धारणेचा आकडा वीस तासांच्या सावकाश विसर्जनावर ठरविलेला असतो, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या हप्त्याने. आणि दहा-दहा वॉटचे दोन दिवे मिळून जवळजवळ तेवढाच प्रवाह घेत असल्याने, विसरलेले ते दिवे कारखान्यातील कसोटीच अजाणता पुन्हा पार पाडीत असतात. त्यातही एक गंमत अशी की, पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, प्रवाह जितका मोठा तितका बॅटरीतून निघणारा एकूण साठा कमी. त्यामुळे सेल्फला जे मिळत नाही ते या मंदगती दिव्याला तळापर्यंत मिळते.

शिसे-आम्ल बॅटरीचा मूळ घट गास्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केला, आणि त्यातील रसायन आजही तेच आहे: एका पट्टीवर शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सौम्य गंधकाम्ल, आणि प्रवाह वाहू लागला की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढून आम्ल पातळ होत जाते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, निम्मी उतरलेली १२.२. या दोन आकड्यांतील अंतर इतके अल्प आहे की दिव्याच्या उजेडावरून काहीच कळत नाही. दिवा स्वच्छ जळत असतानाही, पातळ झालेल्या आम्लामुळे घटाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि मोटरने १५० अँपिअर मागताच दाब एकदम कोसळतो. शिवाय गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या क्षणिक मोठ्या प्रवाहासाठी मुद्दाम पातळ आणि पुष्कळ केलेल्या असतात. तळापर्यंत रिते होणे त्यांना थोड्याच वेळा सोसते, आणि तशीच रिती अवस्था काही दिवस राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होऊन पुन्हा विरघळेनासे होतात.

छताचा दिवा दाराशी जोडण्याची योजना खाजगी मोटारीसाठी उत्तम आहे, कारण तिचे दार घटकाभर उघडते आणि मिटते. कारागिराच्या व्हॅनचे मागील दार मात्र कामाच्या ठिकाणी तासन् तास सताड उघडे असते, आणि तेवढा वेळ इंजिन बंद असल्यामुळे अल्टरनेटरकडून जमेच्या बाजूला काहीच पडत नाही. दुसरी अडचण याहून गूढ आहे. दाराच्या चौकटीत दबणारी जी खुंटी दिव्याची अर्थ जोडणी तोडते, ती गंजली, किंवा जड दार बिजागरीवर लोंबून तिच्यापर्यंत पोहोचेनासे झाले, की दार लावल्यावरही दिवा जळत राहतो. आणि बिनखिडकीच्या पत्र्याच्या पेटीत तो जळतो आहे हे बाहेरच्या कोणाला दिसत नाही. फोनचे चित्रण चालू करून तो आत ठेवावा व दार लावून घ्यावे, म्हणजे या संशयाचा निकाल दोन मिनिटांत लागतो.

इलाजांमध्ये एलईडीचे नाव प्रथम निघते, आणि दीड वॉटचा एलईडी दिवा छत्तीस तासांत साडेचार अँपिअर-तासच खातो हे खरे. पण दिवाळीत दुकान दहा दिवस बंद राहिले तर तोही तीस अँपिअर-तासांवर जातो, आणि उजेडाच्या हौसेने छताला चिकटविलेली पाच मीटर लांबीची दाट पट्टी तर ७० वॉटपर्यंत घेते, तेव्हा एलईडी म्हणजे काटकसर हे समीकरण आंधळेपणाने स्वीकारू नये. माझ्या मते खरी तजवीज कालनियंत्रित रिलेची होय: दाबकळ दाबली की दिवा लागावा, वीस मिनिटांची मुदत संपताच तो आपोआप विझावा, आणि काम उरले असल्यास पुन्हा दाबावे. सामान हाती असताना मध्येच अंधार होतो अशी तक्रार कारागीर करतात व ती रास्त आहे; त्यांनी हालचाल टिपणारा संवेदक बसवावा, मात्र तो स्वतः किती मिलिअँपिअर खातो हे आधी पाहून घ्यावे.

याखेरीज दाबदर्शी विच्छेदक मिळतो. बॅटरी १२.२ व्होल्टवर आली की तो दिव्यांचा मार्ग तोडतो, म्हणजे निम्मी शिल्लक सेल्फसाठी राखीव राहते. भार निघताच बॅटरीचा दाब आपसूक किंचित वर चढत असल्यामुळे, याच आकड्यावर पुन्हा जोडणी होऊ दिली तर दिवा रात्रभर लुकलुकत राहील. म्हणून चांगला विच्छेदक इंजिन सुरू होऊन दाब १३ व्होल्टच्या वर गेल्याखेरीज जोडणी करीत नाही, आणि सेल्फ मारताना दाब क्षणभर खाली येतो त्याकडे काही सेकंद दुर्लक्षही करतो. दिव्यांसाठी वेगळी दुसरी बॅटरी ही रात्रपाळीच्या दुरुस्तीपथकांनाच परवडणारी गोष्ट आहे.

इतके करूनही बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीच्या तारा जोडून इंजिन सुरू करावे, पण नंतरच्या अर्ध्या तासाच्या फेरीने ती भरेल असे मानू नये. भरत आलेली शिसे-आम्ल बॅटरी उरलेला प्रवाह फार सावकाश स्वीकारते, आणि घरच्या विजेवरील चार्जरला रात्रभर लावणे हाच तिच्या पट्ट्या वाचविण्याचा मार्ग आहे.