कानात इयरफोन, समोर धम्मलिपी : भाजे गावची लेणी ऐकत पाहताना

पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनावर उतरलो की एका बाजूला कार्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला लोहगड-विसापूर दिसतात. आपण लोहगड-विसापूरची बाजू धरायची. द्रुतगती मार्ग ओलांडला की थोड्या पायपिटीनंतर भाजे गाव लागते. गावाच्या वर पायऱ्या चढून गेले की इ.स.पू. २ऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली २२ लेणी आहेत. पावसाळ्यात इथे शनिवार-रविवारी तरुणांची झुंबड उडते. बहुतेकजण धबधब्यात भिजतात, चैत्यगृहासमोर सेल्फी काढतात आणि पंधरा मिनिटांत खाली उतरतात. विचारले तर उत्तर मिळते, "पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी आहेत."

या उत्तराचा राग येतो, हे खरे. पण आम्ही स्वतःलाच एक प्रश्न विचारला. आपल्यापैकी किती जणांना ही लेणी वाचता येतात? "ही आमची लेणी" असे आपण ठणकावून सांगतो, पण दारावरच्या एका ओळीचा अर्थ विचारला तर गप्प बसतो. म्हणून आम्ही मोबाईलवर ऐकायचा एक साधा ध्वनिमार्गदर्शक, म्हणजे ऑडिओ गाईड, तयार केला. तो कसा वापरायचा आणि तुमच्या गावाजवळच्या लेण्यांसाठी कसा करायचा, ते इथे मांडत आहोत.

ऑडिओ गाईड म्हणजे नेमके काय?

प्रत्येक थांब्यासाठी दोन-तीन मिनिटांची एक ध्वनिफीत असते. तिला क्रमांक दिलेला असतो. घरून निघतानाच सगळ्या फिती मोबाईलमध्ये उतरवून घ्यायच्या, कारण डोंगरात नेटवर्कचा भरवसा नसतो. थांब्यावर पोहोचलो की त्या क्रमांकाची फीत लावायची. आवाज आधी कुठे उभे राहायचे ते सांगतो, मग कुठे पाहायचे ते, आणि शेवटी जे दिसते त्याचा अर्थ. लिहिलेला फलक वाचताना डोळे फलकावर राहतात. ऐकताना ते दगडावर राहतात. वाचायला न येणाऱ्या आजीलाही लेणी समजतात, हा मोठाच फायदा.

थांबा पहिला : चैत्यगृह

कमानीसमोर उभे राहून वर पाहा. छताला अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. आत २७ अष्टकोनी खांब आहेत आणि ते किंचित आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब तिरके रोवत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांनी सवयीचे रूप तसेच ठेवले. चैत्यगृहाचा दर्शनी भाग लाकडी होता. तो आज नाही, पण तो बसवण्यासाठी पाडलेली भोके शिल्लक आहेत. शेवटी साधा, मूर्ती नसलेला स्तूप. इथे आमची फीत सांगते : आता इयरफोन काढा आणि एक मिनिट शांत बसा.

थांबा दुसरा : स्तूपांचा समूह

थोडे पुढे एकाला लागून एक असे १४ लहान-मोठे स्तूप आहेत. पाच कातळाच्या छताखाली, नऊ बाहेर. इथे वास्तव्य केलेल्या थेरांची ही स्मारके. काहींवर नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी, संघदिन, अंपिकिनक. ही नावे मोठ्याने उच्चारा. या डोंगरात पावसाळे काढलेल्या भिक्खूंची ही नावे आपल्या घरातल्या एकाही मुलाला माहीत नसावीत, याची खंत वाटते.

थांबा तिसरा : बाधाचे दान

आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा थांबा. एका विहारात छोटा लेख आहे. त्याचा अर्थ : हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची, बायको बाधा हिचे दान. एवढेच. राजा नाही, सेनापती नाही. शेतकऱ्याच्या घरातली एक बाई स्वतःच्या नावाने दान देते आणि ते नाव दगडात कोरले जाते. जवळच पाण्याच्या टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त या मोठ्या अधिकाऱ्याच्या दानाचाही लेख आहे. दोघांची नोंद एकाच डोंगरात आणि एकाच लिपीत. "एका रात्रीत" या गोष्टीने सगळ्यात आधी कोणाला पुसले असेल, तर ते या बाधाला.

थांबा चौथा : शेवटचा विहार

इथली शिल्पे प्रसिद्ध आहेत. रथातली आकृती सूर्याची आणि हत्तीवरची इंद्राची, असे अनेक अभ्यासक सांगतात. काहींच्या मते ही बौद्ध साहित्यातील मांधाता राजाची कथा आहे. वाद्य वाजवणारी स्त्री आणि नाचणारी स्त्री पाहून कोणी तबल्याचा इतिहास मागे नेतो. आमची फीत यातला कोणताही एकच अर्थ लादत नाही. मते वेगळी आहेत, असे स्पष्ट सांगते.

तुम्हाला करायचा असेल तर

पहिल्या प्रयत्नात आमची चूक झाली. एकेक फीत दहा-दहा मिनिटांची झाली आणि निम्मा वेळ भाषणात गेला. ऐकणारे कंटाळून पुढे निघून गेले. मग काही नियम ठरवले.

१. एका थांब्यावर एकच गोष्ट सांगायची.
२. लेखात जे कोरले आहे तेवढेच ठामपणे सांगायचे. अंदाज असेल तर अंदाज म्हणायचे.
३. शिलालेखाचे वाचन जाणकारांकडून तपासून घ्यायचे. समाजमाध्यमांवर फिरणारे अर्थ जसेच्या तसे घ्यायचे नाहीत.
४. गावातल्या माणसांचे आवाज घ्यायचे. पायऱ्यांखाली ताक विकणारी मावशी या डोंगराचे पाणी, वाट आणि पावसाळा आपल्यापेक्षा जास्त जाणते. गावाला ही लेणी आपली वाटली, तरच ती जपली जातील.
५. लेण्यांत स्पीकर लावायचा नाही. इतरांची शांतता मोडून धम्म सांगता येत नाही.

हे संरक्षित स्मारक आहे. भिंतीवर नाव कोरणे, रंग लावणे, मेणबत्तीच्या धुराने दगड काळा करणे हे सगळे हानी करणारेच, मग करणारा कोणीही असो. कायद्यात स्मारकाच्या हानीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याच रेल्वेमार्गावर देहूरोड आहे. तिथे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी आपण तिथे मोठ्या संख्येने जमतो. तिथून मळवली लोकलने फार दूर नाही. पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढा, घरातल्या लहानांना आणि आजीला सोबत घ्या. आणि खाली उतरताना कोणी पांडवांची गोष्ट सांगितली, तर वाद घालू नका. एक इयरफोन त्याच्या हातात द्या आणि तिसऱ्या क्रमांकाची फीत लावा. बाकीचे बाधा सांगेल.