'एंजल्स विथ डर्टी फेसेस' : एका गुंडाचे शेवटचे दान

पडद्यावरील गुंड मुलांना नायक वाटू लागतो, ही पालकांची चिंता आजची नाही. अमेरिकेत १९३१ साली 'लिटल सीझर' व 'द पब्लिक एनिमी' हे चित्रपट गाजले, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेलाही हीच चिंता वाटत होती. चित्रपटांसाठी १९३० साली जी नीतिसंहिता तयार झाली, तिच्या लेखनात येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. १९३४ पासून ती कडकपणे अमलात आली. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र खास चित्रपटांविषयी लिहिले.

या पार्श्वभूमीवर १९३८ साली मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केलेला 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' हा चित्रपट आला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील रॉकी व जेरी हे दोन मित्र रेल्वेच्या डब्यात चोरी करायला जातात. पोलीस मागे लागतात. जेरी वेगाने धावतो आणि निसटतो. रॉकी पकडला जातो, पण मित्राचे नाव सांगत नाही. पुढे रॉकी कुख्यात गुंड होतो, तर जेरी त्याच वस्तीत धर्मगुरू. या भूमिका अनुक्रमे जेम्स कॅग्नी व पॅट ओब्रायन यांनी केल्या आहेत.

फादर जेरी वस्तीतील उनाड मुलांना सन्मार्गाला लावू पाहतात. मुलांचे दैवत मात्र रॉकी! पुढे फादरांच्या जिवावर उठलेल्या दोन साथीदारांना रॉकी ठार करतो आणि त्याला विजेच्या खुर्चीत देहान्ताची शिक्षा होते. शेवटच्या भेटीत फादर त्याच्याकडे एक विलक्षण मागणी करतात : तू भित्र्यासारखा मर, म्हणजे ही मुले तुझ्या वाटेने येणार नाहीत. रॉकी नकार देतो, कारण शूर म्हणून मिळवलेले नाव एवढेच त्याच्याजवळ उरलेले असते. परंतु खुर्चीपाशी पोहोचताच तो आक्रोश करीत दयेची भीक मागतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याला भेकड ठरवतात आणि मुलांचे दैवत कोसळते.

रॉकी खरोखर घाबरला, की मित्राखातर त्याने सोंग केले? चित्रपट याचे उत्तर देत नाही. कॅग्नी यांनीही ही संदिग्धता हेतुपुरस्सर राखली होती.

येथे जाणत्या भाविकाला एक शंका येईल. धर्मगुरूने सोंगाची मागणी करावी काय? चांगल्या हेतूने वाईट साधन चांगले ठरत नाही, अशी ख्रिस्तसभेची स्पष्ट शिकवण आहे आणि फसविण्याच्या हेतूने केलेले असत्य ती मान्य करीत नाही. म्हणून फादर जेरींचा मार्ग आम्ही आदर्श म्हणून पुढे ठेवणार नाही. तथापि, त्यांच्या मागणीमागील एक सत्य नाकारता येत नाही. रॉकीने मंदिरासाठी पैसे देऊ केले असते, तर त्याला काहीच सोसावे लागले नसते. त्याच्याकडे मागितला गेला तो त्याचा अहंकार. आपले नाव मातीत जावे आणि त्याने इतरांची लेकरे वाचावीत, हे दान पुण्यवंतालाही जड जाते. रॉकीने ते दिले असेल, तर ते केवळ परमेश्वरालाच ठाऊक. क्रुसावरील पश्चात्तापी चोराचेही शेवटच्या घटकेला काय झाले, हे जगाच्या नव्हे, प्रभूच्या नजरेने ठरले.

चित्रपटाच्या अखेरीस फादर जेरी मुलांना रॉकीसाठी प्रार्थना करायला बोलावतात आणि तो आपल्याइतका वेगाने धावू शकला नाही, याची आठवण करतात. आम्हांला हे सर्वांत मोलाचे वाटते. एक जण वेदीपाशी पोहोचला आणि दुसरा तुरुंगात, यामधले अंतर सुरुवातीला काही पावलांचेच होते. आपल्या धर्मग्रामातील वाट चुकलेल्या मुलाकडे बोट दाखविण्यापूर्वी, पालकहो, आपण कधी व कसे निसटलो, हे आठवावे. मग त्या मुलाशी बोलणे सोपे जाईल.