फूटपाथवरची शिरगणती

२४ नोव्हेंबर १९९६, रविवारची रात्र. कोलकात्यात गरियाहाटसह शहरातल्या मोठ्या चौकांत महापालिकेच्या गाड्या आल्या. सोबत पोलीस होते आणि सत्ताधारी माकपचे कार्यकर्तेही. फूटपाथवरचे स्टॉल रातोरात जमीनदोस्त झाले. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन सनशाइन’. ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर जानेवारीत येणार होते, मुख्यमंत्री ज्योती बसूंच्या सरकारला परदेशी गुंतवणूक हवी होती, आणि पाहुण्यांना दाखवायच्या शहरात गमछे, साड्या, घुगनी विकणाऱ्यांना जागा नव्हती.

घाव कुणी घातला, हे विसरता येण्यासारखे नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कित्येक निर्वासितांनी याच फूटपाथवर पथारी टाकून संसार उभे केले. त्यांच्या हक्कांसाठी पन्नासच्या दशकात डावे पक्षच रस्त्यावर उतरले होते.

पुढच्याच वर्षी महापालिका कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याविना फूटपाथ अडवणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरला. तोवर ३२ संघटना ‘हॉकर संग्राम कमिटी’च्या नावाखाली एकत्र आल्या होत्या. शक्तिमान घोष हे तिचे प्रमुख नेते. धरणे धरले गेले, मोर्चे निघाले, तेव्हा विरोधात असलेल्या ममता बॅनर्जी पाठीशी उभ्या राहिल्या. सरकारने पर्यायी बाजारांत गाळे देऊ केले, पण गिऱ्हाईक वाटेवर असते, ते गाळा शोधत आडबाजूला जात नाही. हॉकर हळूहळू आपापल्या जागी परतले.

मोर्चे अनेकांनी काढले आहेत. या कमिटीने त्यापलीकडे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते: तिने कागद जमवले. हॉकरांची स्वतः पाहणी केली; अर्ज, निवेदने, नोटिसा, वर्तमानपत्रांची कात्रणे जपून ठेवली. इतिहासकार रीतज्योती बंद्योपाध्याय यांनी या दफ्तराचा बारकाईने अभ्यास केला आहे. सरकारी नोंदीत फूटपाथवरचा माणूस ‘अतिक्रमण’ या एका शब्दात मावतो. त्याला नाव नसते, वय नसते, धंद्याची वर्षे नसतात. एकदा कोण, कुठे, कधीपासून बसतो याची यादी हातात आली, की बोलणी करायला बसणारा माणूस रिकाम्या हाताने बसत नाही. दंडाची पावतीसुद्धा मग उलटी कामी येते: मी त्या दिवशी तिथे होतो, हे खुद्द पालिकेनेच लिहून दिलेले असते.

फूटपाथवरच्या अन्नाचा प्रश्नही असाच आकड्यांनी बदलला. हे खाणे म्हणजे रोगाचे घर, असा सरसकट समज होता. नव्वदच्या दशकात कोलकात्यातल्याच अखिल भारतीय आरोग्य व जनस्वास्थ्य संस्थेतल्या इंदिरा चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने ते तपासले. स्वच्छतेत, पाण्यात त्रुटी सापडल्याच. पण फूटपाथवरच्या एका जेवणातून सुमारे १००० कॅलरी मिळतात, हेही दिसले. डलहौसीच्या कचेऱ्यांत येणाऱ्या कारकुनाचे आणि हमालाचे दुपारचे जेवण या शहरात कोण पुरवते, याचे उत्तर त्यात होते. हॉकरांना हुसकावण्यापेक्षा शिकवणे आणि स्वच्छ पाणी देणे हा मार्ग त्यातून पुढे आला.

कोलकात्याची ही लढाई देशभरच्या चळवळीत मिसळली. तिच्यामागे मुंबई हॉकर्स युनियनच्या खटल्यातला १९८५चा आणि सोदान सिंग खटल्यातला १९८९चा, असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल होते. पुण्यात बाबा आढावांची पथारी व्यावसायिक पंचायत याच प्रश्नावर उभी होती. २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा आला. त्याचा गाभा शिरगणतीच आहे: दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, ते पुरे होईपर्यंत कुणालाही हटवायचे नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना, त्यांतही एकतृतीयांश स्त्रिया.

मग गणती कोण करतो, यावर सगळे ठरते. मुंबईत २०१४च्या पाहणीत सुमारे एक लाख अर्ज आले. त्यातले पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. अधिवासाचा दाखला आणा, अमुक कागद आणा, अशा अटींत बाकीचे गळाले. उन्हातान्हात रोज बसणारा माणूस डोळ्यांना दिसतो, पण यादीत नसतो. ही कायद्याची थट्टा आहे आणि तिचा राग यायला हवा. पश्चिम बंगालने तर कायद्याचे नियमच २०१८ मध्ये केले.

कोलकात्यातल्या हॉकर संग्राम कमिटीच्या यादीलाही मर्यादा आहेत. त्या यादीत हॉकर म्हणजे स्वतःचा छोटा धंदा करणारा गरीब. पण गरियाहाटच्या कित्येक स्टॉलवर दिवसभर उभा असतो तो रोजावरचा पोरगा. स्टॉल दुसऱ्याचा असतो. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? त्याहून वाईट स्थिती फूटपाथवर झोपणाऱ्या कुटुंबांची. त्यांच्याकडे ना संघटनेची ताकद, ना दफ्तर. फूटपाथवरच्या हक्काच्या चर्चेतून ती जवळजवळ नाहीशी झाली, हे बंद्योपाध्याय यांचे निरीक्षण मला सगळ्यांत अस्वस्थ करते. एकाच दगडी पट्टीवर दोघांचे पोट आणि पाठ टेकलेली असताना एकाची बाजू उजेडात आली आणि दुसऱ्याची अंधारात गेली.

जून २०२४ मध्ये कोलकात्यात पुन्हा हातोडा पडला. या वेळी मुख्यमंत्री होत्या ममता बॅनर्जी. फूटपाथ अडवल्याबद्दल त्यांनी अधिकाऱ्यांना जाहीर सुनावले, लगेच कारवाई सुरू झाली, आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच ती थांबवून महिनाभराची मुदत देण्यात आली. त्या काळात सर्वेक्षण करायचे ठरले. फूटपाथचा एकतृतीयांश भाग हॉकरांना आणि उरलेला पादचाऱ्यांना, हा जुना नियम पुन्हा पुढे आला. आधी मोजा, मग हलवा, असा क्रम कायद्याने दहा वर्षांपूर्वीच घालून दिला होता. या वेळी हातोडा आधी आला, मोजपट्टी मागाहून.