हातात दिवा घेतलेली 'ती' स्त्री राजा रविवर्मांची नाही! मग कोणाची?

दिवाळी जवळ आली की एक चित्र फॉरवर्ड होत व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येतं. अंधारात उभी असलेली एक तरुण स्त्री, हातात दिवा, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा धरलेला. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय, चेहरा उजळलाय आणि मागे भिंतीवर सावली पडलीय. खाली ओळ असते, 'राजा रविवर्मांची अप्रतिम कलाकृती'.

चित्र अप्रतिम आहे, यात वादच नाही. पण ते रविवर्मांचं नाही. ते काढलं सावंतवाडीच्या एका माणसाने. सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

आता हा गोंधळ होतो कसा? एक कारण चित्राच्या पत्त्यात आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखलं जाणारं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. याच कलादालनात रविवर्मांची चित्रंही आहेत. म्हैसूरची सहल करून आलेला माणूस दोन्ही पाहून येतो आणि लक्षात राहतं ते मोठं नाव. खरंतर एक साधी खूण होती. रविवर्मांची ओळख तैलचित्रांसाठी आहे. 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आहे. आणि खरी गंमत इथंच आहे.

तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. काळ्यावर पांढरा लावून उजेड दाखवता येतो. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तिथे उजेड म्हणजे खालचा कागदच. जिथे प्रकाश हवा तिथे कागद कोरा किंवा अगदी पातळ रंगाचा ठेवायचा आणि बाकी सगळीकडे एकावर एक थर देत अंधार गडद करत न्यायचा. म्हणजे ज्योत रंगवायची नसते, ज्योत वाचवायची असते. एक थर चुकून पुढे ओघळला की उजेड गेला तो गेला. अंधाराने भरलेलं चित्र म्हणूनच जलरंगात भल्याभल्यांना झेपत नाही. त्यात कातडीतून आरपार येणारा लालसर प्रकाश, साडीच्या घड्यांवर पडलेला पिवळा उजेड आणि सावलीतला तिचा थंड रंग... एकाच दिव्याने तीन ठिकाणी तीन रंग बदलायला लावलेत!

हे चित्र अंधाऱ्या खोलीत दाखवलं जातं. पाहणाऱ्याला वाटतं, मागे कुठेतरी बल्ब लावला असावा. तसं काही नाही.

हळदणकरांचा जन्म 1882 चा. शाळेत असतानाच चित्रकलेतला त्यांचा हात मुख्याध्यापकांच्या नजरेत भरला. सावंतवाडी संस्थानाने पाठबळ दिलं आणि 1903 मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. समोर माणूस बसवून तो हुबेहूब उतरवणं, हे तिथलं शिक्षण. हळदणकर त्यात इतके तयार झाले की व्यक्तिचित्रं हीच त्यांची ओळख बनली. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट' सुरू केली. 1918 मध्ये 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. 1925 मध्ये 'अ मोहमेडन पिलग्रिम' या तैलचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे गडी तैलरंगातही कच्चा नव्हता. जलरंग हा त्यांनी मुद्दाम निवडलेला अवघड रस्ता होता.

मग दिवा धरलेली ती कोण? ना राणी, ना पैसे देऊन बोलावलेली मॉडेल. ती हळदणकरांची मुलगी, गीता. दिवाळीतल्या एका संध्याकाळी दिवा घेतलेली लेक वडिलांना दिसली आणि त्यांनी तिला तसंच उभं केलं, अशी आठवण सांगितली जाते. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. जलरंगात एकही चूक न करता असं चित्र काढता येतं, हे वडिलांना दाखवून द्यायचं होतं, असंही सांगितलं जातं.

चित्र म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनात गेलं, तिथे त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते राजवाड्याच्या संग्रहात राहिलं. पुढे त्याच्या छापील प्रती घरोघरी लागल्या. कित्येक दिवाणखान्यांत ही बाई फ्रेममध्ये उभी होती, पण चित्रकाराचं नाव मात्र फ्रेमच्या बाहेरच राहिलं. रविवर्मांना स्वतःच्या नावावर पुरून उरेल एवढं काम आहे, त्यांना हे उसनं श्रेय कशाला?

हळदणकर 1968 मध्ये गेले. गीताताई वयाची शंभरी ओलांडून ऑक्टोबर 2018 मध्ये कोल्हापुरात गेल्या. तेव्हा बातम्या आल्या आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की चित्रातली 'ती' खरी होती आणि इतकी वर्षं आपल्याच कोल्हापुरात राहत होती.