सर्वांत प्रभावी खेळाडू कोण ?

शाळेच्या मैदानावरील सामना संपतो तेव्हा दुसरा सामना सुरू होतो आणि तो जिभेने खेळला जातो. आपल्या संघाचा खरा आधार कोण, हा त्याचा विषय. बहुधा ज्याने गोल केला त्याचेच नाव पुढे येते. ज्याने प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घेतला व तो त्याच्यापर्यंत पोचविला, तो मुलगा तोवर हातपाय धुण्यासाठी नळावर गेलेला असतो. मोठमोठ्या क्लबांच्या चाहत्यांतही हाच वाद वर्षानुवर्षे चालतो. एखाद्या क्लबच्या साऱ्या इतिहासातून सर्वांत प्रभावी खेळाडू निवडावयाचे झाल्यास कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बेलूरहून धारवाडला जावे, तेथे पश्चिमेकडे जाणारी आगगाडी धरावी. लोंढा आणि कॅसलरॉक मागे टाकून घाट उतरला की गोमंतक आले. त्या चिमुकल्या भूमीत फुटबॉल जितका रुजला तितका फार थोड्या प्रांतांत रुजला असेल. तेथील डेंपो उद्योगसमूहाच्या आश्रयाने वाढलेला डेंपो स्पोर्ट्‌स क्लब हा आपला नमुना. या क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे अजिंक्यपद २००४-०५ आणि २००६-०७ या वर्षी मिळविले. २००७ मध्ये त्या स्पर्धेची जागा आय-लीगने घेतली. तीही डेंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा जिंकली. २००८ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकस्पर्धेत या संघाने उपांत्य फेरी गाठली. आठ हंगामांत पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या संघातील सर्वांत प्रभावी खेळाडू कोण ?

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. 'उत्तम' खेळाडू, 'लोकप्रिय' खेळाडू आणि 'प्रभावी' खेळाडू हे तीन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नव्हेत. उत्तमपणा हा खेळाडूच्या अंगचा गुण आहे. लोकप्रियता ही प्रेक्षकांच्या मनाची स्थिती आहे. प्रभाव मात्र या दोहोंहून वेगळा. तो खेळाडूने इतरांत, संघात किंवा क्लबमध्ये घडविलेला बदल होय. म्हणून प्रश्न असा विचारावा : हा खेळाडू आला नसता, तर या क्लबचा इतिहास निराळा झाला असता काय ?

सर्वांत सोपी कसोटी गोलांची. आकडा निःपक्षपाती वाटतो. कोणी कितीही हुज्जत घातली तरी तो बदलत नाही. या कसोटीवर नायजेरियाचे रांटी मार्टिन्स यांच्यापुढे डेंपोच्या त्या काळातील कोणीच टिकत नाही. २०१०-११ च्या आय-लीगमध्ये त्यांनी ३० गोल केले आणि २०११-१२ मध्ये ३२. त्या वेळी एका संघाच्या वाट्याला हंगामात २६ सामने येत. म्हणजे दर सामन्यास एकाहून अधिक गोल झाला ! परंतु येथेच आकड्याची मर्यादाही दिसून येते. मार्टिन्स यांनी ३० गोल केले त्या वर्षीचे अजिंक्यपद डेंपोला मिळाले नाही. ते वास्कोच्या साळगावकर संघाने पटकाविले. उलट २००७-०८ मध्ये स्पर्धेतील सर्वाधिक गोल चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोली यांच्या नावावर होते, आणि अजिंक्यपद डेंपोच्या. गोल हे प्रभावाचे एक प्रमाण खरे, परंतु एकमेव प्रमाण नव्हे.

दुसरी कसोटी म्हणून खेळाडूच्या जागेचा विचार केला पाहिजे. आघाडीच्या खेळाडूचे काम दिसते. बचावफळीतील खेळाडूचे उत्तम काम म्हणजे जे घडले नाही ते. अडविलेल्या गोलाची नोंद धावफलकावर होत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण बंगालमध्ये सापडते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचे गोष्ठ पाल हे बचावपटू. त्यांना लोक 'चीनची भिंत' म्हणत. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला, आणि हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय फुटबॉलपटू ठरले. देशातील फुटबॉलपटूंपैकी पहिला मान गोल करणाऱ्यास नव्हे, तर गोल अडविणाऱ्यास मिळाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डेंपोच्या बाबतीत समीर नाईक आणि महेश गवळी या गोमंतकीय बचावपटूंना याच मापाने मोजले पाहिजे. मधल्या फळीतील क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा आणि ब्राझीलचे बेटो यांची गोष्टही हीच. चेंडू कोणाकडे, केव्हा आणि किती वेगाने जावा हे ठरविणाऱ्याचा प्रभाव साऱ्या संघाच्या चालीवर पडतो; पण टाळ्या शेवटच्या लाथेला मिळतात.

तिसरी कसोटी अभावाची. खेळाडू गेल्यावर काय झाले ते पाहावे. २०१२ मध्ये मार्टिन्स डेंपो सोडून गेले. त्यानंतर क्लबला एकही राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नाही आणि २०१४-१५ च्या अखेरीस तर संघ आय-लीगमधून खाली घसरला. एवढ्यावरून सारे श्रेय मार्टिन्स यांना द्यावे काय ? येथे सावध राहिले पाहिजे. २००० पासून संघाची घडण करणारे आणि पाचही अजिंक्यपदांच्या वेळी प्रशिक्षक असणारे आर्मांदो कुलासो यांनीही २०१३ मध्ये क्लब सोडला. संघातील जुनी मंडळीही वयाने वाढत चालली होती. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या असता त्यांतील एकीलाच कारण ठरविणे हे तर्काला धरून नाही. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. इतिहासात तशी सोय नसते. म्हणून अभावाची कसोटी लावावी, परंतु तिचा निकाल अंतिम मानू नये.

चौथी गोष्ट काळाची. आपण पाहिलेले खेळाडू आपणांस मोठे वाटतात. न पाहिलेले नुसती नावे होऊन राहतात. डेंपोने मुंबईचा रोव्हर्स चषक १९७८, १९७९ आणि १९८६ मध्ये जिंकला होता. हा चषक १८९१ पासून खेळला जाई, आणि राष्ट्रीय लीग सुरू होण्यापूर्वीच्या काळात त्याची प्रतिष्ठा फार मोठी होती. त्या पिढीने केलेल्या गोलांची चित्रफीत आज आपल्या हाती नाही; तेवढ्याने त्यांचे कर्तृत्व कमी होत नाही. न्यायाने निवड करावयाची तर प्रत्येक कालखंडाची यादी स्वतंत्र करावी, मग त्या याद्यांची तुलना करावी. प्रस्तुत लेखात २००४ नंतरच्या कालखंडापुरतीच निवड करण्याचे कारण हेच.

आता या चारही कसोट्यांना अपुरे ठरविणारा एक प्रसंग सांगितला पाहिजे. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळूरच्या श्री कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना डेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. त्याच वर्षी डेंपोत दाखल झालेला क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन तरुण त्या दिवशी आघाडीवर खेळत होता. पहिला गोल त्याने केला. सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असता दुसराही त्यानेच केला. पण चेंडू जाळ्यात जात असतानाच त्याची प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो मैदानावर कोसळला, तो पुन्हा उठला नाही. डेंपोने सामना दोन गोलांनी जिंकला आणि क्लबच्या इतिहासातील पहिला फेडरेशन चषक हाती आला. परंतु ज्याने तो मिळवून दिला, तो चषक पाहण्यास राहिला नव्हता.

या खेळाडूचा डेंपोतील काळ महिन्यांत मोजावा लागतो. गोलांच्या एकूण संख्येत तो कोठेच बसत नाही. तरीही क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुढे कोणालाही न देण्याचे ठरविले. त्या शोकातून सावरून संघाने त्याच हंगामात आपले पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यानंतरच्या विजयांची मालिका तेथून सुरू झाली. मैदानाजवळ वैद्यकीय मदत तत्काळ का मिळू नये, हा प्रश्नही त्या दिवसाने देशातील क्रीडाप्रेमींपुढे उभा केला. ज्याचे नाव घेतल्यावाचून क्लबचा इतिहास सांगताच येत नाही, त्याला प्रभावी म्हणावयाचे नाही तर कोणाला ?

अल्प काळात घडलेल्या दीर्घ परिणामाचे दुसरे उदाहरण याहून सुखाचे आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. शिबदास भादुडी आणि अभिलाष घोष यांचे ते दोन गोल नुसते आकड्यांत मोजले तर दोनच. पण राज्यकर्त्यांना समान नियमांच्या खेळात हरविता येते, हा विश्वास त्यांनी पारतंत्र्यातील लोकांना दिला. म्हणजे प्रभाव मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर थांबत नाही.

शेवटची कसोटी वारशाची. खेळाडूने स्वतः काय केले याबरोबरच, तो पुढील पिढीला काय देऊन गेला हे पाहावे. २०१६ मध्ये आय-लीगच्या पुढील रचनेविषयी मतभेद झाल्याने डेंपोने साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांसह त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे २०२४-२५ च्या हंगामात डेंपो पुन्हा आय-लीगमध्ये परतला, तेव्हा संघाच्या प्रशिक्षकपदी होते ते समीर नाईक. क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा संघाने २०२३ मध्ये सुपर कप जिंकला, तर महेश गवळी यांनी भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले. एकाच बचावफळीतून व मधल्या फळीतून इतके शिक्षक निर्माण व्हावेत, हा काही योगायोग नव्हे.

या साऱ्याचा विचार करून माझी निवड अशी. कर्तृत्वासाठी रांटी मार्टिन्स. कारण गोलांच्या कसोटीस मर्यादा असल्या, तरी २०११-१२ चे अजिंक्यपद त्यांच्या ३२ गोलांवाचून कल्पिता येत नाही. वारशासाठी समीर नाईक. कारण ज्या क्लबसाठी ते खेळले, त्याच क्लबच्या पडत्या काळानंतर तो पुन्हा उभा राहिला तेव्हा ते त्याच्या पाठीशी होते. आणि स्मृतीसाठी क्रिस्तियानो ज्युनियर. या तिघांत क्रम लावण्याचा मोह मी टाळला आहे. तीन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या वस्तू एका तराजूत घालता येत नाहीत. वाचकांपैकी कोणी मार्टिन्स यांच्या जागी बेटो यांचे नाव सुचवील, तर त्याच्याशी वाद घालण्यास मी आनंदाने तयार आहे. मात्र त्याने आपली कसोटी आधी सांगितली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, वार्षिक क्रीडामहोत्सव संपल्यावर आपणही वर्गावर्गांतून उत्तम खेळाडू निवडतो. यापुढे मत देण्यापूर्वी क्षणभर थांबा. गोल करणाऱ्याला त्याचे श्रेय जरूर द्या. पण चेंडू कोठून आला, तो कोणी अडविला, हरत असताना कोणाच्या शब्दाने सारे पुन्हा धावू लागले, आणि लहान वर्गांतील मुलांना संध्याकाळी खेळ कोण शिकवितो, हेही आठवा. कदाचित तुमचे मत नळावर हातपाय धूत असलेल्या त्या मुलाला जाईल.