गोड्या पाण्यातली पहिली खोल बुडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच. पावसाचं पाणी चुनखडकात मुरतं, खडक विरघळवत पोकळ्या करतं आणि एखाद्या पोकळीचं छत कोसळलं की गोड्या पाण्याचा डोह उघडा पडतो. हे डोह म्हणजे सेनोटे. लाटा नाहीत, पाणी नितळ आणि बारा महिने 25 अंश सेल्सिअसच्या आसपास. एका श्वासावर खोल बुडी मारायला, म्हणजे फ्रीडायव्हिंग शिकायला, जगभरातून लोक इथे येतात. विहिरीच्या तळाची माती वर आणून दाखवलेल्या मराठी माणसालाही हे ओळखीचं वाटेल. मात्र काही समज काठावरच सोडलेले बरे.

गैरसमज: दम कोंडला, म्हणजे प्राणवायू संपला.
वस्तुस्थिती: श्वास घेण्याची तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. त्या वेळी निरोगी माणसाकडे प्राणवायू सहसा बऱ्यापैकी शिल्लक असतो. म्हणून नवख्याने तगमग सुरू होताच घाबरून हातपाय झाडू नयेत. शांतपणे वर यावं.

गैरसमज: बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की दम वाढतो.
वस्तुस्थिती: सर्वांत घातक समज हाच. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच प्राणवायूने जवळपास भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ‘वर ये’ सांगणारा इशाराच. तगमग उशिरा होते आणि तोवर प्राणवायू धोक्याच्या पातळीवर येतो. त्यात वर येताना पाण्याचा दाब घटतो, तसा फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही झपाट्याने उतरतो. त्यामुळे शुद्ध हरपते ती बहुधा शेवटच्या काही मीटरांत, कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावरही. आणि बरेचदा काहीच न कळवता.

गैरसमज: कान दुखणारच, थोडं सोसायचं.
वस्तुस्थिती: 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. 20 मीटरवर ते एक तृतीयांश उरतं. म्हणजे सर्वांत मोठा बदल सुरुवातीच्या मीटरांतच होतो. दुखायची वाट न पाहता, पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून कानांत हवा सारायची. कान मोकळे होत नसतील तर मागे फिरायचं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. पोहण्याचा साधा चष्माही चालत नाही. त्याच्या आत नाकातून हवा सोडता येत नाही आणि तो डोळ्यांवर आवळला जातो. नाक झाकणारा मास्कच हवा.

गैरसमज: समुद्रात जमलं, ते इथेही तसंच जमेल.
वस्तुस्थिती: गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं असतं, त्यामुळे ते आपल्याला कमी उचलून धरतं. कमरेच्या पट्ट्यातलं वजन दीड-दोन किलोंनी कमी करावं लागतं. नाहीतर वर येताना जास्त जोर लागतो. किनाऱ्याजवळच्या अनेक सेनोटेंत गोड्या पाण्याखाली खारं पाणी असतं. दोन्ही मिसळतात त्या थरात समोरचं सगळं धूसर दिसतं.

गैरसमज: तळ दिसतोय, म्हणजे खोली कळली.
वस्तुस्थिती: तुलुमजवळच्या आनहेलिता सेनोटेत सुमारे 30 मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा ढग पसरलेला आहे. त्यातून वठलेल्या झाडांच्या फांद्या वर आलेल्या दिसतात. वरून पाहणाऱ्याला तोच तळ वाटतो, पण खड्डा त्याखाली जवळजवळ तेवढाच आणखी आहे. तेव्हा भरवसा डोळ्यांवर ठेवू नये, मीटरच्या खुणा असलेल्या दोरावर ठेवावा. आणि दोर सोडून कपारीत किंवा गुहेत शिरू नये.

गैरसमज: पट्टीचा पोहणारा मित्र काठावर असला की पुरे.
वस्तुस्थिती: जोडीदार पाण्यातच हवा आणि बेशुद्ध माणसाला वर आणण्याचं शिक्षण त्याने घेतलेलं हवं. एक खाली, तर दुसरा वर लक्ष ठेवून. शेवटचे काही मीटर त्याने सोबत यायचं आणि वर आल्यानंतरही निदान 30 सेकंद नजर हटवायची नाही. दोन बुड्यांमध्ये किमान बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती घ्यायची. असा जोडीदार नसेल, तर कंबरभर पाण्यातही दम धरण्याचा सराव करू नये.