अणुभट्टी मंद चालते तेव्हा

नागपूरकराला वीजकेंद्र म्हटलं की कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आठवतात. त्या केंद्रांतली सगळ्यात अवघड वेळ कोणती, असं तिथल्या बॉयलरवर काम केलेल्या माणसाला विचारलं, तर तो पूर्ण भाराची वेळ सांगणार नाही. दुपारी सौर वीज भरभरून येते, लोड डिस्पॅचकडून ‘खाली या’ असा निरोप येतो आणि 660 मेगावॅटचं युनिट निम्म्यावर आणावं लागतं, ती वेळ तो सांगेल. भार कमी झाला की भट्टीतली ज्योत अस्थिर होते आणि ती टिकवायला तेलाचा आधार द्यावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी कोळशाच्या संचांना 55 टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्यानं 40 टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे असं सांगितलं, तेव्हा या क्षेत्रातली माणसं चिंतेत पडली ती याचमुळे.

अणुभट्टीबद्दल मात्र चांगल्या शिकलेल्या माणसांचाही समज उलटा असतो. शक्ती कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे धोका कमी, असा तो सरळ हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा समजून घेण्याची वेळ आता आली आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर झालं, आणि आज आपण नऊ हजार मेगावॅटच्या आसपास आहोत. आजवर आपली अणुवीज केंद्रं शक्यतो पूर्ण भारावर, सलग चालवली गेली. कारवारजवळच्या कैगा केंद्राचं पहिलं युनिट 2018 च्या अखेरीस थांबवलं, तेव्हा ते 962 दिवस अखंड चाललं होतं, आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. पण अणुवीज दसपटीहून जास्त वाढली आणि सौर वीजही वाढत राहिली, तर दुपारचा ‘खाली या’ हा निरोप एक दिवस अणुभट्टीलाही येणार.

त्यात अडचण काय, हे कळायला आधी अणुभट्टीच्या गाभ्यातल्या शक्तीचं ‘वाटप’ म्हणजे काय ते पाहू. अणुभट्टीची एकूण शक्ती हा सगळ्या गाभ्याचा एकत्र आकडा. इंधन वितळतं ते मात्र त्या आकड्यानं वितळत नाही, गाभ्यातल्या एखाद्या ठिकाणच्या उष्णतेनं वितळतं. म्हणून सर्वांत तापलेली जागा सरासरीच्या किती पट आहे, या गुणोत्तरावर बंधन असतं. अमेरिकी धर्तीच्या दाबाच्या पाण्याच्या भट्ट्यांमध्ये पूर्ण शक्तीला हे गुणोत्तर, उदाहरणार्थ, 2.32 च्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम असतो. शक्ती कमी झाली की मर्यादा त्याच प्रमाणात सैल होते. निम्म्या शक्तीला ती दुप्पट, म्हणजे 4.64. इथपर्यंत तर्क साधा आहे, कारण सरासरीच निम्मी झाल्यावर गुणोत्तर दुप्पट झालं तरी प्रत्यक्ष उष्णता तेवढीच राहते.

खरी गंमत त्याच्या खाली आहे. याच तर्कानं चालायचं तर 25 टक्क्यांना मर्यादा चौपट व्हायला हवी. ती होत नाही. 50 टक्क्यांच्या खाली आकडा 4.64 वरच थांबवलेला आहे. उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांमध्ये 25 टक्क्यांच्या खाली उष्णतेच्या मर्यादा तपासण्याची सक्तीच नसते, कारण तिथे मूळची शिल्लक खूप मोठी मानली जाते. एकीकडे आकडा मध्येच थांबवला आहे, दुसरीकडे तपासणीच सोडून दिली आहे. दोन्हींचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरू नये. ही सवलत त्या क्षणाच्या उष्णतेपुरती आहे. गाभ्याचा आकार पुढच्या दहा-बारा तासांत कसा बदलेल, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

पुढच्या तासांचा हिशेब झेनॉन ठेवतं. युरेनियमच्या विखंडनातून आयोडिन-135 तयार होतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे 6.6 तास. त्यातून झेनॉन-135 होतं, त्याचा सुमारे 9.1 तास. हे झेनॉन न्यूट्रॉन गिळण्यात अव्वल. भट्टी पूर्ण शक्तीवर असते तेव्हा न्यूट्रॉनांचा माराच झेनॉनला संपवत राहतो. शक्ती उतरवली की मारा कमी होतो, पण आधीच्या जास्त शक्तीतलं आयोडिन झेनॉन बनवत राहतं. म्हणून शक्ती उतरवल्यानंतर कित्येक तास झेनॉन वाढत जातं. गाभ्याचा वरचा भाग थोडा मंदावला आणि खालचा तेजीत आला, तर वर झेनॉन साठून तो भाग आणखी मंदावतो. काही तासांनी डाव उलटतो. मोठ्या गाभ्यात हे हेलकावे साधारण एका दिवसाच्या आवर्तनानं चालत राहतात, आणि या सगळ्या काळात एकूण शक्तीचा काटा एका जागी स्थिर दिसू शकतो.

याचा सगळ्यात शहाणा हिशेब मला त्या अमेरिकी धर्तीच्या नियमावल्यांमधल्या एका जुन्या कलमात दिसतो. गाभ्याच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यातल्या शक्तीचा फरक ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, की मिनिटं मोजायला लागायचं. शक्ती 50 टक्के किंवा जास्त असेल तर बाहेर घालवलेल्या प्रत्येक मिनिटाला एक मिनिट दंड. 15 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर प्रत्येक मिनिटाला अर्धं मिनिट. गेल्या 24 तासांतला दंड एका तासाच्या वर गेला असेल, तर शक्ती 50 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. कमी शक्तीवरचा वेळ माफ केलेला नाही, अर्ध्या दरानं खात्यावर मांडला आहे. 24 तासच का, हे झेनॉनचे तास पाहिले की कळतं. ज्या अभियंत्यांनी हे कलम लिहिलं त्यांना मी मनापासून मानतो. त्यांनी कमी शक्तीला गाभ्याच्या इतिहासाचा भाग मानलं.

आता सौर दुपार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास उतरायचं आणि संध्याकाळी पाच-सहाला पुन्हा चढायचं. मधले सात-आठ तास म्हणजे नेमके झेनॉन वाढून बसण्याचे तास. सूर्याचं वेळापत्रक आणि आयोडिनचा क्षय असे एकमेकांवर येऊन बसतात. फ्रान्समध्ये अणुभट्ट्या दशकानुदशकं मागणीप्रमाणे चढउतार करत आल्या आहेत, त्यामुळे हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. पण त्यासाठी तिथे वेगळ्या, न्यूट्रॉन कमी शोषणाऱ्या नियंत्रक दांड्या घातल्या, वाटपाचे नियम नव्यानं बांधले, माणसं त्यात तयार केली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला नियोजित असलेल्या सहा भट्ट्या फ्रेंच बनावटीच्याच आहेत.

आपल्या घरचं उदाहरण तारापूरचं. 1969 मध्ये वीज देऊ लागलेली तिथली पहिली दोन युनिटं उकळत्या पाण्याची. प्रत्येकाच्या गाभ्यात इंधनाचे 284 जुडगे आणि 69 नियंत्रक दांड्या. 2005 आणि 2006 साली तिथे जड पाण्याची 540 मेगावॅटची दोन युनिटं सुरू झाली, आणि भारतीय अभियंत्यांना वाटपाचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला. त्याआधीची 220 मेगावॅटची, 306 नळ्यांची भट्टी लहान असल्यामुळे तिच्या एका कोपऱ्याला दुसऱ्याची खबर लगेच लागायची. 540 मेगावॅटच्या, 392 नळ्यांच्या गाभ्यात तसं होत नाही. म्हणून गाभ्याचे 14 विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात साध्या पाण्याचा एक कप्पा ठेवला. साधं पाणी जड पाण्यापेक्षा न्यूट्रॉन जास्त शोषतं. एखादा विभाग तापू लागला की त्याच्या कप्प्यातली पातळी वाढवायची, मंदावला की उतरवायची. पाण्याच्या डोक्यावर हेलियम असतो. शिफ्टमधल्या माणसाला समोर चौदा पातळ्या दिसतात, आणि त्या चौदांचा एकमेकांशी मेळ हीच गाभ्याची तब्येत.

या जातीच्या भट्ट्यांची एक बाब कमी शक्तीच्या वेळी कळीची ठरते. गाभ्यातले शोधक भरपूर न्यूट्रॉन असतील तेव्हाच नीट बोलतात. शक्ती फार खाली गेली की त्यांचा संकेत क्षीण होतो आणि विसंबावं लागतं ते गाभ्याबाहेरच्या आयन चेंबरवर. ते एकूण शक्ती छान सांगतात, आतलं वाटप नाही. कॅनडाच्या मूळ बनावटीत विभागवार नियंत्रण 25 टक्क्यांपासून सैल करत 15 टक्क्यांना बंदच केलं जातं. म्हणजे मर्यादा जिथे सैल होते, साधारण तिथेच आपली नजरही अधू होते. माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आणि हे केवळ कागदावरचं नाही. चेर्नोबिलच्या चौथ्या युनिटची चाचणी 700 ते 1000 मेगावॅट औष्णिक शक्तीवर करायची होती. 25 एप्रिल 1986 रोजी भट्टी निम्म्यावर आणली, तेवढ्यात कीव्हच्या लोड डिस्पॅचनं विजेची गरज सांगून तिला तिथेच थांबवून ठेवलं, दुपारपासून रात्री अकरापर्यंत. मग उतरवताना शक्ती 30 मेगावॅटवर कोसळली. ती कशीबशी 200 पर्यंत वर आणली, पूर्ण शक्तीच्या जेमतेम 6 टक्के. झेनॉनवर मात करायला दांड्या जवळजवळ सगळ्या बाहेर काढल्या होत्या. इतक्या खालच्या शक्तीला आतल्या शोधकांचा भरवसा नव्हता, आणि गाभ्यात वर एक, खाली एक असे शक्तीचे दोन उंचवटे तयार झाले होते. रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी बंद करण्याचं बटण दाबलं, तेव्हा उतरणाऱ्या दांड्यांच्या ग्रॅफाइटच्या टोकांनी खालचा उंचवटाच पेटवला. ऑगस्ट 1986 मध्ये व्हिएन्नात सोव्हिएत शिष्टमंडळानं दोष चालकांवर ठेवला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटानं 1992 च्या अहवालात स्पष्ट केलं, की 700 मेगावॅटच्या खाली चालवू नये असा नियमच अपघातापूर्वी नव्हता. आमची भट्टी वेगळ्या जातीची आहे, हे खरं आणि महत्त्वाचं. तरी नियमातल्या गप्प जागेला परवानगी समजलं गेलं, ही गोष्ट कुठल्याही जातीच्या भट्टीला लागू पडते.

कमी शक्तीवर काही बंधनं उलट कडक होतात, हेही सांगायला हवं. उकळत्या पाण्याच्या भट्टीत सुरुवातीला वाफेचे बुडबुडे नसतात, तेव्हा एकेका दांडीचा प्रभाव फार असतो. म्हणून अगदी खालच्या शक्तीला दांड्या ठरलेल्या क्रमानंच काढायच्या, आणि क्रम मोडू नये म्हणून स्वतंत्र यंत्रणा पहारा देते. अमेरिकेतल्या इडाहोत 3 जानेवारी 1961 रोजी 3 मेगावॅटच्या एका लहानशा बंद भट्टीची मधली दांडी हातानं जास्त वर ओढली गेली आणि तीन माणसं मेली. इंधनालाही खालच्या शक्तीची सवय लागते. बराच काळ मंद राहिल्यावर शक्ती झपाट्यानं वाढवली, तर फुगणाऱ्या गोळ्या झिर्कलॉयच्या नळीला आतून ताण देतात आणि ती तडकू शकते. त्यासाठी आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांच्या इंधननळ्यांना आतून ग्रॅफाइटचा लेप असतो, आणि चढण्याच्या वेगावर बंधन असतं.

नागपूर या चर्चेपासून दूर नाही. अणुखनिज संचालनालयाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय इथे आहे, राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्था गोपालनगरला आहे, विश्वेश्वरय्या संस्थेत अभियंते घडतात, आणि अंबाझरीला विभागीय भार प्रेषण केंद्र आहे. कमी भारावरचा बॉयलर या गावाला माहीत आहे. कमी भारावरची अणुभट्टीही इथल्या वर्गांत पूर्ण भाराइतकीच तपशिलानं शिकवली जावी, असं मला वाटतं.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या काही वर्षांत तुमच्या जिल्ह्याजवळ अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी झाली, तर किती मेगावॅट आणि किती नोकऱ्या एवढंच विचारून परत येऊ नका. ही भट्टी रोज किती टक्क्यांपर्यंत उतरवणार, तेवढ्या खाली गाभ्यातलं वाटप कशानं मोजणार, आणि तिथल्या मर्यादा कुठल्या कागदावर लिहिल्या आहेत, हे तीन प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर मागा.